मदत हवी आहे : 'त्रेचाळीस' ऐकून मुलं ३४ लिहितात

खानापूर तालुका (बेळगाव जिल्हा, कर्नाटक), मराठी माध्यम, नलीकलीचा (कर्नाटकातल्या सरकारी शाळांतली कृतीतून शिकण्याची पद्धत) वर्ग. पहिली ते तिसरी एकत्र, अडचण दुसरीच्या मुलांची.

खराट्याच्या काड्या दहा-दहाच्या बांधून गठ्ठे-सुट्टे करून झालं. ४ गठ्ठे, ३ सुट्ट्या समोर ठेवल्या तर ४३ बरोबर लिहितात, वाचतातही. पण काड्या उचलून नुसतं 'त्रेचाळीस' म्हटलं की ३४. कानावर 'त्रे' आधी पडतो, म्हणून ३ आधी उमटतो. कन्नडमध्ये 'नलवत्तमूरु' सांगितलं तर तीच मुलं चुकत नाहीत, कारण तिथे चाळीस आधी येतात. म्हणजे स्थानिक किंमत त्यांना कळलीय, घोळ उच्चाराच्या क्रमाचा आहे.

एकोणपन्नास तर फारच छळतो. पाटीवर ५९ येतं. ५ गठ्ठे मांडून त्यातला एक सोडवला, एक काडी बाजूला काढली, ४ गठ्ठे ९ सुट्ट्या दाखवल्या. करताना समजतं, श्रुतलेखनात पुन्हा ५९.

अंककार्डं (४० वर ३ ठेवायचं) वापरून झाली. रोज पाढ्यासारखं म्हणून घेणंही चालू आहे, पण त्याने लिहिणं सुधारत नाही. महाराष्ट्रात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस तीन' अशी जोड दिली होती, ती अजून वापरलेली नाही.

विकतचं साहित्य नको, आणि तिघा-चौघांच्या गटाला शिक्षकाशिवाय खेळता यायला हवं.

ऐकलेली संख्या लिहिण्याआधी हातांनी क्रम उलटवून घेणारी एखादी कृती कुणी वर्गात करून पाहिली आहे का? आणि आधी कन्नड, मग 'चाळीस तीन', मग त्रेचाळीस असा क्रम ठेवला तर 'एकोण'चे आकडे त्यात कधी आणायचे?