सहा लेखक, एक पेपर, महिनाअखेरची डेडलाइन. कसं जमवायचं?

तापीकाठची:
नमस्कार मंडळी. मी जळगावला पीएचडी करतेय, विषय तापी खोऱ्यातल्या उष्णतेच्या लाटा आणि त्यांचा केळीवर होणारा परिणाम. त्यावरचा पेपर एका जर्नलच्या विशेषांकाला पाठवायचाय, मुदत महिनाअखेर. लेखक सहा जण: माझे गाइड सर, पुण्याचे दोघं हवामानवाले, धुळ्याच्या कृषीच्या मॅडम, एक स्टॅटिस्टिक्सवाले सर आणि मी. काम सगळ्यांचं झालंय, पण पेपर काही एक होऊन नाही राहिला. पुण्याहून वर्डची फाइल येते, मॅडम व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोटनं दुरुस्त्या सांगतात, सर प्रिंट काढून पेनानं खुणा करतात आणि स्टॅटिस्टिक्सवाल्या सरांना लेटेकच (कोडसारखं लिहून पेपर मांडायचं सॉफ्टवेअर) पाहिजे. त्यात आता दिसलं की पुण्याच्या आकृत्यांमध्ये सरासरी १९८१-२०१० ची धरलीय आणि तक्त्यांमध्ये १९९१-२०२० ची, म्हणजे एकाच पेपरात भुसावळचं तापमान दोन वेगळ्या पायांवर. पुण्याचे एक जण तर फोनच उचलत नाहीत. मी सगळ्यात ज्युनियर, कुणाला काय सांगू? आमची स्वतःची केळी आहे रावेरकडे, म्हणून हा पेपर नीटच जायला हवा असं फार वाटतं.

अमळनेरकर:
ताई, फाइलचं नंतर बघा, आधी आकडे गोठवा. भाषा शेवटच्या दिवसापर्यंत सुधारता येते, पण बेसलाइन, म्हणजे तुलनेला धरलेली सरासरी, बदलली की आकृत्या, तक्ते, निष्कर्ष, सगळंच हलतं. आयएमडीच्या (भारतीय हवामान विभागाच्या) निकषात सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश वर गेलं की लाट, ६.४ पेक्षा जास्त वर गेलं की तीव्र लाट. आता ही "सरासरी" कोणत्या तीस वर्षांची, त्यावर लाटांची संख्याच बदलणार ना. नवी सरासरी बहुतेक ठिकाणी थोडी जास्त असते त्यामुळे तोच दिवस कमी तापलेला दिसतो. दुसरा निकष थेट आकड्याचा आहे, ४५ ला लाट आणि ४७ ला तीव्र, त्याला बेसलाइन लागत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा तिथपर्यंत जातो म्हणून दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या दाखवा. माझं मत १९९१-२०२० धरा, जागतिक हवामान संघटनेची सध्याची प्रमाण सरासरी तीच आहे. पुण्यावाल्यांना बहुतेक कोडमध्ये वर्षं बदलून परत रन करायचं एवढंच असेल, जुन्या आकृत्या पुरवणीत टाका.

अजून एक. आयएमडी लाट जाहीर करते ती एका हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस निकष भरले तर. तुम्ही एकट्या भुसावळवर मोजत असाल तर "आयएमडीच्या निकषावर आधारित, एका केंद्रापुरती" असं स्पष्ट लिहा, नाहीतर रिव्ह्यूअर पहिलं तेच धरेल.

डेटावाली_धुळे:
वरच्यांशी सहमत. फाइलबद्दल मात्र मी ठामपणे सांगेन, मूळ प्रत एकच आणि ती तुमच्याच ताब्यात. ओव्हरलीफवर (लेटेक ऑनलाइन चालवायची साइट) ठेवा, कारण लेटेकवाले सर बदलणार नाहीत आणि बाकीच्यांना फक्त पीडीएफ वाचायचीय. कुणालाच नवं सॉफ्टवेअर शिकायला लावू नका, सरांच्या पेनाच्या खुणा आणि मॅडमच्या व्हॉइस नोट तुम्ही उतरवून घ्या, वेळ जातो पण भांडण होत नाही. दर वेळी पीडीएफवर तारीख टाका आणि अमुक दिवशी संध्याकाळपर्यंतच्या सूचनाच घेईन असं सरांच्या सहीनं मेल जाऊ द्या, तुमच्या नावानं नको, इथे ज्युनियरचं कुणी ऐकत नाही ही खरी गोष्ट आहे. आणि डेटा उपलब्धतेचा परिच्छेद आजच लिहा, सगळे तो विसरतात. आयएमडीचा स्टेशन डेटा आपण उघड्यावर टाकू शकत नाही, तो पुण्याहून मागवावा लागतो असं लिहा. ईआरए५ हा जागतिक हवामान डेटा वापरला असेल तर तो देणाऱ्या युरोपच्या कोपर्निकसचा उल्लेख हवाच. कोड झेनोडोवर (संशोधनाचा डेटा-कोड ठेवायची खुली साइट) ठेवला तर डीओआय, म्हणजे संदर्भासाठीचा कायमचा क्रमांक, आधीच राखून घेता येतो.

अमळनेरकर:
फोन न उचलणाऱ्यांचं राहिलं. त्यांची लेखी संमती आल्याशिवाय सबमिट करू नका. गप्प बसले म्हणजे हो म्हणाले असं होत नाही, आणि परस्पर नाव काढणं तर त्याहून वाईट. बहुतेक जर्नलांना अंतिम प्रत प्रत्येक लेखकानं मान्य केलेली लागते, कितीतरी पोर्टल सगळ्यांना कन्फर्मेशनचा मेल टाकतात, तिथे अडकाल. गाइड सरांना स्वतः फोन करायला लावा, पुण्याच्या दुसऱ्या सहलेखकाकडून निरोप द्या. कुणाचं काय योगदान हे क्रेडिट (CRediT) या लेखक-योगदानाच्या यादीतल्या १४ भूमिकांप्रमाणे आत्ताच सगळ्यांसमोर लिहून काढा, बऱ्याचदा माणूस गप्प असतो तो नावाच्या क्रमावरून नाराज असतो म्हणून.

रावेरचा_बागायतदार:
मला पेपरातलं फार कळत नाही पण विषय आमचा आहे म्हणून लिहितो. मे महिन्यात गरम वारं सुटलं की बागेभोवती शेवरी लावलेली असो नाहीतर हिरवी नेट, पानं करपतातच आणि भरलेले घड सटकतात. फळपीक विम्यात तापमानाचा आकडा महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरून धरतात, आणि ते केंद्र आणि माझा मळा यात फरक असतो. तुमच्या पेपरात कोणतं तापमान कुठे मोजलं ते साध्या भाषेत लिहा ताई, उद्या आम्हाला कुणापुढे ठेवायचं झालं तर उपयोगी पडेल.

तापीकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुमचा मुद्दा आमच्यात कुणी मांडलाच नव्हता, केंद्र आणि मळा यातल्या फरकावर चर्चेत एक परिच्छेद वाढवते, मॅडमकडे बागांमधल्या नोंदी आहेत. सरांशी बोलले, १९९१-२०२० नक्की झालं, पुण्याचे एक सर आकृत्या परत काढून देतायत. मेल आज सरांच्या नावानं जातोय. फोन न उचलणाऱ्या दुसऱ्या सहलेखकांची संमती वेळेत आली नाही तर संपादकांना चार दिवस वाढवून मागायचे असं सर म्हणाले. असं मागितलेलं चालतं का, कुणाला अनुभव?

डेटावाली_धुळे:
विशेषांकाला बऱ्याचदा देतात, पण मुदत संपायच्या आधी मागा. कारण खरं आणि दोन ओळीत लिहा, सोबत ॲबस्ट्रॅक्ट जोडा.