मदत हवी आहे: लॉकडाऊनमध्ये उशिरा दिलेल्या भाड्यावर घरमालक दंड लावू शकतात का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात लीव्ह अँड लायसन्सवर राहतो. करार रजिस्टर्ड, भाडं १४,०००, डिपॉझिट ५०,०००. मी लग्नाचे फोटो काढतो, त्यामुळे २०२० चा एप्रिल-मे कसा गेला ते वेगळं सांगायला नको. एप्रिल, मे, जून अशी तिन्ही भाडी १० जुलैला एकदम दिली. घरमालक काका तेव्हा चकार शब्द बोलले नाहीत.

आता ऑक्टोबरअखेर करार संपतोय, तर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर हिशोब लिहून त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलाय: 'एप्रिल ९६ दिवस, मे ६६, जून ३५. एकूण १९७ × १०० = १९,७००. डिपॉझिटमधून वळते.' खाली दोन रेघा!

५ तारखेनंतर रोज १०० रुपये, असं कलम करारात आहे खरं. पण ४२ हजारांच्या भाड्यावर जवळजवळ २० हजार दंड?

राज्याच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला घरमालकांना सांगितलं होतं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. काका म्हणतात, "ती सूचना होती, कायदा नव्हे." शिवाय महिनाभर भाडं मागू नये, असा केंद्राचा २९ मार्चचा आदेश होता. तो मला लागू होतो का? बायकोचं मत, अर्ध्यावर तोडा आणि मोकळे व्हा.

प्रतिसाद १
केंद्राचा आदेश कामगारांसाठी होता, त्यात स्थलांतरित आले. त्यावर विसंबू नका. राज्याच्या सूचनेतही भाडं लांबवायचं होतं, माफ नव्हतं. दिल्ली उच्च न्यायालयानेही मे महिन्यात एका प्रकरणात भाडेमाफी नाकारली, मुदत तेवढी वाढवून दिली.

तुम्ही करार कायदा, १८७२ चं कलम ७४ धरा. करारात दंडाचा आकडा लिहिला असला तरी ती कमाल मर्यादा. पदरात पडते ती वाजवी भरपाईच. तुलनेसाठी, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या थकबाकीवर १५ टक्के साधं व्याज आहे. तुम्ही लायसेन्सी, तुम्हाला ते थेट लागू नाही. पण त्या दराने तुमचे होतात साधारण ११०० रुपये.

प्रतिसाद २
जुलैत पैसे मिळाल्यावर काकांनी काही लिहिलं होतं का? ते आधी शोधा. आणि चावी देताना घराचा व्हिडिओ काढून ठेवा, नाहीतर दंड सुटेल आणि रंगाचे पैसे कापतील. (अनुभवाचे बोल.)

धागाकर्ता
सापडला मेसेज! ११ जुलै, "तिन्ही मिळाले. काही बाकी नाही." आता कलम ७४ लिहून दीड हजार देऊ करतो. हे व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, की रजिस्टर्ड एडीनेच पाठवू?