समित्या झाल्या उदंड, बोट कुठाय?

खाडीकाठ: 'नवी मुंबईच्या पर्यटनासाठी सिडको, पालिका, वनविभाग, एमटीडीसी (राज्याचं पर्यटन महामंडळ), मेरीटाइम बोर्ड (जेट्ट्या-बंदरं बघणारं) आणि टूर कंपन्यांची संयुक्त समिती हवी' हा कालचा लेख वाचून डोकं फिरलं. सहा सह्यांचा कागद म्हणजे सहा जणांना 'ते आमच्याकडे येत नाही' म्हणायची सोय. ऐरोलीचं जैवविविधता केंद्र 2017 पासून आहे. वनविभागाच्या कांदळवन कक्षाचं काम, जीआयझेड या जर्मन सरकारी विकाससंस्थेची मदत. तिकीट तिथेच, बोट तिथेच, फ्लेमिंगो नाही दिसले तर शिव्याही तिथेच घालायच्या. याउलट बेलापूरची वॉटर टॅक्सी. फेब्रुवारी 2022 मध्ये केवढा गाजावाजा! जेट्टी बांधणारा वेगळा, बोटवाला वेगळा, आणि उतरल्यावर पुढे न्यायला कोणीच नव्हतं.

फाइलबहाद्दर: तो लेख माझाच. जीआयझेड काय पोहत आली होती? करार करूनच आली ना? वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून कांदळवन दाखवतात. त्यामागे संयुक्त राष्ट्रांची यूएनडीपी होती, वनविभाग होता. कागद झाला म्हणून होडी हलली.

खाडीकाठ: होडी बायकांनी हलवली. कागदाला हात नसतात.

दिवाळे_कोळी: दोघंही शहाणे. इथे एका बोटिंगच्या कामाचं टेंडर निघालं, त्यात अट काय, तर 'जलपर्यटनाचा अनुभव, दाखल्यासह'. आमच्या आज्याची हयात खाडीत गेली, ओहोटीला गाळ कुठे उघडा पडतो ते डोळे मिटून सांगायचा. त्याला दाखला कोण देणार, बोंबील? काम बाहेरच्याला गेलं आणि आमचीच पोरं त्याच्याकडे रोजंदारीवर. पाहणीला आले तेव्हा मात्र तीन साहेब घरी जेवून गेले.

खारघरकर: फ्लेमिंगो पुरे. खारघरच्या पांडवकड्याबद्दल कोण बोलणार? 107 मीटरचा धबधबा घराच्या खिडकीतून दिसतो आणि दर पावसाळ्यात बंदी! ही कसली भागीदारी?

रेनकोट: 2019 च्या ऑगस्टमध्ये त्या भागात कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. बंदी हौसेने घालत नाहीत.

खारघरकर: बंदी असूनही माणसं जातातच, मागच्या वाटेने. तिकीट लावा, दोर लावा, गावातली पोहणारी पोरं पगारावर ठेवा. भाचा गेल्या वर्षी लपतछपत गेला, पाय मोडून आला. उघडपणे गेला असता तर कोणीतरी अडवलं तरी असतं.

रेनकोट: म्हणजे भाच्याच्या मूर्खपणाची जबाबदारी सरकारची? वरून पाणी कधी सुटेल ते खाली उभ्या माणसाला कळत नाही. दोर लावून काय होणार?

खारघरकर: भाच्यावर घसरू नका. तुमच्यासारख्यांमुळेच सगळीकडे 'प्रवेश निषिद्ध'च्या पाट्या.

फाइलबहाद्दर: शांत व्हा. बघा, पांडवकड्याला वनविभाग, पोलीस, पालिका तिघं लागतात. माझ्याच लेखाचा मुद्दा.

खाडीकाठ: आणि खारघर पनवेल पालिकेत येतं. म्हणजे समितीत सातवी खुर्ची. अभिनंदन!

खारघरकर: आम्ही नवी मुंबईतच राहतो. घरपट्टी कुठे भरतो ते सोडा.

खाडीकाठ: बरं, समिती करा एकदाची. पण बैठकीआधी एवढं लिहा: तिकिटाचे पैसे कोणाच्या खात्यात, त्यातले बोटवाल्याला किती, आणि बोट बंद पडली तर फोन कोण उचलणार. हे लिहिता येत असेल तर मी तुमच्या बाजूने. येणार नाही, ही खात्री आहे म्हणून म्हणतोय.

फाइलबहाद्दर: उपकार झाले. दुसऱ्या भागात लिहितो.

दिवाळे_कोळी: दुसऱ्या भागात कोळीवाड्याची खुर्चीही लिहा. पहिल्या यादीत टूर कंपन्या होत्या, आम्ही नव्हतो.

खारघरकर: आणि पांडवकडा उघडायची तारीख!