दंडातली कॅल्शियमची गाठ ब्रेकियल धमनीला (दंडाची मुख्य धमनी) दाबतेय: सुई घालावी का?

प्रश्न:
डायलिसिसवरच्या रुग्णाच्या उजव्या कोपराच्या वर, आतल्या बाजूला ६ सेंमीची टणक गाठ आहे. एक्स-रेत ढगांच्या पुंजक्यासारखं कॅल्शियम दिसतं, हाड शाबूत आहे. मनगटाची नाडी डावीपेक्षा क्षीण लागते, काम करताना पंजा लवकर भरून येतो, अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. कॅल्शियम ९.६, फॉस्फरस ७.८. ट्यूमरल कॅल्सिनोसिस (सांध्याजवळच्या मऊ भागात साचलेल्या कॅल्शियमची गाठ) वाटतो. सुईने द्रव काढून पाहावा का? आणि आधी शस्त्रक्रिया की आधी फॉस्फरस?

उत्तर (रेडिओलॉजी):
सुई आत्ता अजिबात नको. धमनीला खेटून असलेली गाठ हा भिंतीत कॅल्शियम साचलेला जुना स्यूडोअ‍ॅन्युरिझमही (फाटलेल्या धमनीतून आलेल्या रक्ताचा फुगा) असू शकतो, त्याला टोचलं तर रक्त थांबवणं अवघड जातं. आधी डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, पण कॅल्शियमच्या सावलीत नेमका दाबलेला भाग झाकला जातो. म्हणून गाठीच्या खाली, रेडियल आणि अल्नर या कोपराखालच्या धमन्यांमधली प्रवाहाची लहर बघा. ती बुटकी असेल आणि सावकाश चढत असेल, तर अडथळा वर आहे.

मग सीटी अँजिओ (शिरेत कॉन्ट्रास्ट म्हणजे रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी). तो रुंद विंडोवर (काळ्या-पांढऱ्या छटांची श्रेणी मोठी ठेवून) वाचा, नाहीतर कॅल्शियम फुगून दिसतं आणि धमनी आहे त्यापेक्षा अरुंद भासते. कप्प्यांमध्ये खाली पांढरा थर आणि वर द्रव अशी आडवी रेघ दिसली, तर निदान कॅल्सिनोसिसकडे झुकतं. कॉन्ट्रास्ट गाठीच्या आत शिरला, तर तो स्यूडोअ‍ॅन्युरिझम. कॅल्शियम नसलेला मांसल भाग दिसला तर एमआरआय कराच, सायनोव्हियल सार्कोमा या कर्करोगामध्येही कॅल्शियम सापडतं.

उत्तर (व्हॅस्क्युलर सर्जरी):
कॅल्शियम आणि फॉस्फरसचा गुणाकार, ९.६ गुणिले ७.८, म्हणजे जवळपास ७५. गुणाकार ७० च्या वर असताना गाठ काढली तर ती परत येण्याची भीती मोठी. बोटं गार पडत नसतील, बसल्या जागी दुखत नसेल, तर आधी फॉस्फरस उतरवा: जेवणासोबत सेव्हेलॅमर (अन्नातला फॉस्फरस बांधून ठेवणारं औषध, म्हणजे बाइंडर), कॅल्शियमवाले बाइंडर बंद, व्हिटॅमिन डीचा फेरविचार, डायलिसिसचे तास वाढवणं. पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) फार वाढलेलं असेल तर पॅराथायरॉइडच्या शस्त्रक्रियेचा निर्णय आधी घ्या. हात धोक्यात असेल तर मात्र थांबू नका.

टेबलवर मांडीही तयार ठेवा, धमनी जोडायला सॅफेनस व्हेन (पायातली लांब शीर) लागू शकते. चीर गाठीच्या दोन्ही टोकांपलीकडे न्या, धमनीला वर-खाली लूप (धमनी आवळता येईल असा फासा) घातल्याशिवाय गाठीला हात लावू नका. मीडियन नर्व्ह (अंगठा आणि शेजारच्या बोटांना संवेदना देणारी नस) दंडाच्या मध्यावर धमनी ओलांडून आतल्या बाजूला येते, बधिरपणा तिचाच दिसतो, तेव्हा तिला आधी शोधून बाजूला घ्या. धमनीला क्लॅम्प (चिमटा) लावण्याआधी हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) किलोमागे ८० ते १०० युनिट. वेष्टन फुटलं तर खडूच्या पेस्टसारखं पांढरं बाहेर येतं आणि सगळीकडे पसरतं. ते राहिलं तर जखम वाहत राहते. धमनीची भिंत सोलताना फाटली, तर ओढूनताणून टाके घालण्यापेक्षा तेवढा तुकडा कापून उलटी (टोकांची अदलाबदल) केलेली शीर जोडा.

उत्तर (नेफ्रोलॉजी):
फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) कुठल्या हातात आहे? उजव्यात असेल तर ही लक्षणं स्टीलचीही (फिस्टुला पंजाचं रक्त पळवतो तो प्रकार) असू शकतात. फिस्टुला बोटाने दाबून नाडी भरते का ते बघा.

प्रश्न विचारणारे:
डाव्या दंडात, चालू आहे.

उत्तर (नेफ्रोलॉजी):
मग डावी नाडी तुलनेला धरता येणार नाही, फिस्टुलामुळे तीच बदललेली असते. उजव्या बोटांचा दाब मोजा. बीपीचा पट्टा दोन्ही दंडांवर नको, पायाला बांधा.