चुंबकीय क्षेत्र, वक्र अवकाश आणि कणजोड्या

या चर्चेत वर कुणीतरी असं विधान केलंय की चुंबकीय क्षेत्र पुरेसं तीव्र असलं की निर्वातातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याचा धन प्रभाराचा प्रतिकण) जोड्या आपोआप निघतात आणि अवकाशाची वक्रता फक्त मदत करते. पहिला भाग पटत नाही. स्थिर चुंबकीय क्षेत्र प्रभारावर कार्यच करत नाही, मग जोडीची ऊर्जा येणार कुठून? ते काम विद्युत क्षेत्राचं, आणि भौतिकशास्त्रज्ञ श्विंगरच्या १९५१च्या सूत्रानुसार त्याची तीव्रता मीटरला १०चा १८वा घात इतक्या व्होल्टच्या घरात हवी. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी भौतिकशास्त्रज्ञ हाइटलरसोबत १९३७ साली मांडलेल्या वैश्विक किरणांच्या वर्षावाच्या सिद्धांतातही फोटॉनपासून (प्रकाशकणापासून) इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी होते ती अणुकेंद्रकाच्या विद्युत क्षेत्रात.

विद्युत क्षेत्राच्या सोबतीला चुंबकीय क्षेत्र आलं की मात्र स्पिन (कणाचा अंगभूत कोनीय संवेग) निर्णायक ठरतो. स्पिन नसलेल्या कणाची सर्वांत खालची लँडाऊ पातळीही (चुंबकीय क्षेत्रात कणाला मिळणारी ठरावीक ऊर्जापातळी) वर सरकते, जणू वस्तुमान वाढलं, आणि जोड्या घटतात. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत स्पिनची ऊर्जा ही वाढ नेमकी खोडून काढते, शिवाय त्या पातळीतल्या अवस्था क्षेत्राच्या प्रमाणात वाढतात. म्हणून जोड्या वाढतात!

आता वक्रता. गोलाच्या पृष्ठभागावरही इलेक्ट्रॉनची ही शून्य पातळी (जिथे वाढ पूर्ण खोडली जाते ती) टिकते, त्रिज्या कितीही बदला. तिथल्या अवस्थांची संख्या एकूण चुंबकीय फ्लक्सवरच (पृष्ठभागातून जाणाऱ्या एकूण चुंबकीय क्षेत्रावरच) ठरते. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. उलट अँटी-डी-सिटर अवकाशात (ऋण वक्रतेच्या अवकाशात) विद्युत क्षेत्राने ठरावीक उंबरठा ओलांडल्याशिवाय जोड्या निघतच नाहीत. प्रभारित आणि तापमान जवळजवळ शून्य असलेल्या कृष्णविवराच्या क्षितिजापाशी (जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेपाशी) गोलाची आणि अँटी-डी-सिटरची या दोन्ही वक्रता एकत्र येतात, म्हणून तिथलं गणित आधी बघावं.

दादरच्या बाजूचं कुणी असेल तर गोलावरचं गणित एकत्र बसून करू.