मदत हवी आहे: छातीतली कळ स्नायूंची की हृदयाची, कसं ओळखायचं?

पायरव
भावासाठी विचारतोय. वय ४२. आठवडाभर छातीत डावीकडे कळ येते. नेमकी जागा बोटाने दाखवता येते. कूस बदलली, खोल श्वास घेतला, शिंक आली की टोचतं. काही सेकंदांत जातं, मागे दुखरेपणा राहतो. तिथे दाबलं तरी दुखतं. ईसीजी काढला, नॉर्मल आहे.
रक्तदाबाची गोळी चालू आहे. दिवसाला ५-६ सिगारेटी. साखर कधी तपासलेली नाही. वडिलांना ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता.
(शिवाय गेले दोन-तीन आठवडे जिन्याने तिसऱ्या मजल्यावर गेला की छाती भरून आल्यासारखी वाटते. थांबला की दोन-तीन मिनिटांत जाते, ढेकर आली की मोकळं वाटतं, त्यामुळे तो गॅस असावा.)
प्रश्न असे: हे हृदयाचं नाही हे घरच्या घरी कसं ठरवायचं? ईसीजी नॉर्मल म्हणजे निर्धास्त राहायचं का? आणि रात्री-अपरात्री दुखलं तर घरात कोणती गोळी असावी?

तातडीकक्ष
टोचणारी कळ क्षणभर बाजूला ठेवा. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकली आहे.
श्रमाने येणारं आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारं छातीतलं दडपण म्हणजे अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारा त्रास), हे आम्ही आधी गृहीत धरतो आणि मग खोडून काढायचा प्रयत्न करतो. ढेकरेने मोकळं वाटलं यावरून काही ठरत नाही. चढायचं थांबवलं म्हणूनही दडपण उतरतं, आणि थांबल्यावरच ढेकर दिली जाते. श्रेय ढेकरेला मिळतं.
भावाला एकाच वेळी दोन वेगळी दुखणी असू शकतात. बरगडीची कळ खरी असेल, तिच्यामुळे जीव जाणार नाही. पण तिने सगळं लक्ष वेधून घेतलंय आणि जिन्यावरचं दडपण मागे पडलंय. वय, सिगारेट, रक्तदाब आणि वडिलांना ५५ च्या आत आलेला अटॅक, हे सगळं एकत्र धरलं तर आज किंवा उद्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. तोपर्यंत जिना, जड उचलणं, धावपळ बंद.
आणि हेच दडपण आधीपेक्षा कमी श्रमात यायला लागलं, बसल्या जागी आलं, किंवा १० मिनिटं विश्रांती घेऊनही उतरलं नाही, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट तातडीच्या विभागात.

फासळी
फिजिओच्या बाजूने टोचणाऱ्या कळीबद्दल लिहिते, कारण 'दाबलं की दुखतं म्हणजे स्नायू' हे अर्धवट वापरलं जातं.
छातीच्या मधल्या हाडाला बरगड्या कूर्चेने जोडलेल्या असतात. दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या सांध्यांना सूज आली की कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. त्यात वरून फुगलेलं दिसत नाही. गाठीसारखा फुगवटा दिसला, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीपाशी, तर तो टिट्झे सिंड्रोम.
तपासताना एका बोटाने, मधल्या हाडाच्या कडेने वरून खाली, प्रत्येक सांध्यावर सारखा दाब द्या. दुसरी बाजूही तशीच बघा. जोरात दाबलं तर कुणालाही थोडं दुखतं. प्रश्न एवढाच विचारायचा: "तुला दिवसभर जे दुखतं, तेच हे दुखणं आहे का?" उत्तर स्पष्ट 'हो, हेच' असेल तर छातीच्या भिंतीची शक्यता बरीच वाढते. 'दुखतंय, पण ते वेगळं' असं असेल तर दाबून काही सिद्ध झालं नाही. मग दुखऱ्या बाजूचा हात समोरून दुसऱ्या खांद्याकडे ओढून मान दुखऱ्या बाजूला वळवा. तीच कळ आली तर आणखी एक पुरावा.
हे दुखणं काही आठवडे रेंगाळतं. शेक, वजन उचलणं आणि पुशअप्स बंद, गरज पडली तर पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक गटातल्या गोळ्या मात्र रक्तदाब असलेल्याने स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. त्या रक्तदाब चढवतात, हृदयाचा धोका वाढवतात, आणि आयब्युप्रोफेन तर रोजच्या अ‍ॅस्पिरिनच्या कामातही अडथळा आणतं.
पण दाबून दुखलं म्हणजे हृदय सुटलं, असं नाही. अटॅक आलेल्या काही जणांनाही छाती दाबल्यावर दुखतं.

खटपट्या
सोपा उपाय सांगतो. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध दोन चमचे द्या. पंधरा मिनिटांत उतरलं तर अ‍ॅसिडिटी, नाही उतरलं तर हृदय.

तातडीकक्ष
@खटपट्या, ही परीक्षा दोन्ही बाजूंनी फसते, म्हणून कृपया कुणी वापरू नका. अंजायना तसाही काही मिनिटांत आपोआप उतरतो, औषध प्यायलात की त्याच सुमाराला. उलट, जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या (रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या) गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदयच, हेही खोटं. अन्ननलिकेला पेटका आला असेल तर तोही त्याच गोळीने सुटतो.
गोंधळ होतो तो मज्जातंतूंच्या रचनेमुळे. हृदयाकडून वेदना नेणारे तंतू मज्जारज्जूच्या ज्या पातळीवर शिरतात, तिथेच छातीच्या आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेचेही तंतू येतात. मेंदूला नेमकी जागा कळत नाही. म्हणून हृदयाचं दुखणं बोटाने नाही, पंज्याने किंवा मुठीने दाखवलं जातं, आणि ते खांदा, हात, जबडा, पाठ असं पसरतं. 'दुखत नाही हो, नुसतं जड वाटतंय' असं म्हणणारा रुग्ण आम्हाला जास्त घाबरवतो. अन्ननलिकेचे तंतूही त्याच वाटेने जातात, त्यामुळे तिथली जळजळ हुबेहूब नक्कल करू शकते.
फरक करायचा असेल तर 'कुठे दुखतं' यापेक्षा 'कशाने येतं, किती टिकतं, कशाने जातं' हे विचारा. वाकल्यावर, आडवं झाल्यावर घशाशी आंबट येऊन जळजळणं हे अन्ननलिकेकडे बोट दाखवतं. चालताना, चढताना, थंड वाऱ्यात, भांडणात येणं हे हृदयाकडे. जेवून लगेच चालल्यावर येणारं दडपण हमखास गॅसच्या खात्यात जातं, पण भरल्या पोटी चालताना हृदयावर जास्त ताण येतो, त्यामुळे अंजायनाही नेमका तेव्हाच येतो.
वेळेचं म्हणाल तर एक-दोन सेकंदांची चमक सहसा हृदयाची नसते. सलग दोन दिवस, क्षणभरही न थांबता दुखतंय आणि ईसीजी, रक्ततपासणी दोन्ही नीट आहेत, तर तेही सहसा नसतं. अंजायना साधारण २ ते १० मिनिटांचा. १५-२० मिनिटांपुढे गेलेलं दडपण म्हणजे अटॅक समजूनच चालायचं. सोबत थंड घाम, उलटी, धाप, दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात जाणारी वेदना असेल तर शंका आणखी बळावते. फक्त डाव्या हाताकडे लक्ष ठेवून लोक फसतात.

आलेख
ईसीजीच्या प्रश्नाचं उत्तर. ईसीजी म्हणजे काढला त्या दहा सेकंदांची नोंद. भावाचा ईसीजी काढताना तो आडवा पडला होता, दडपण नव्हतं. धमनी अरुंद असली तरी विश्रांतीत रक्त पुरतं, त्यामुळे पट्टी स्वच्छ येऊ शकते. त्यावरून जिन्यावर काय होतं ते कळत नाही.
अटॅक चालू असतानाही पहिला ईसीजी नॉर्मल दिसू शकतो, खासकरून हृदयाच्या मागच्या भिंतीला झाला तर. म्हणून दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढतात आणि शंका असल्यास पाठीवरही लीड (हृदयाचे विद्युत संकेत टिपणारे पॅच) लावतात. आधीचा जुना ईसीजी असेल तर तो नक्की न्या. तुलनेत बारीक बदल सापडतात.
ट्रोपोनिन या हृदयाच्या स्नायूतल्या प्रथिनाच्या रक्ततपासणीचंही तसंच. स्नायू मरायला लागल्यावर ते रक्तात येतं, म्हणून दुखू लागल्यावर अर्ध्या तासात केलेली तपासणी निगेटिव्ह आली तरी तिला अर्थ नाही. रुग्णालयात १ ते ३ तासांनी, जुन्या पद्धतीच्या चाचणीत ३ ते ६ तासांनी, ती पुन्हा करतात. 'दोन तास थांबा' म्हटल्यावर चिडून घरी जाऊ नका.
मनगटावरच्या घड्याळातला ईसीजी एका लीडचा असतो, म्हणजे हृदय एकाच कोनातून बघतो. ठोके अनियमित आहेत का, एवढं त्यातून कळतं. अटॅक कळत नाही.

सांजवात
धाग्याला धरूनच विचारते. आईला १८ वर्षं मधुमेह आहे. तिला असं काही झालं तर हीच लक्षणं दिसतील का?

तातडीकक्ष
कदाचित नाही. जुन्या मधुमेहात वेदना नेणाऱ्या नसाच बोथट होतात. छाती अजिबात न दुखता अचानक धाप, घाम, कमालीचा थकवा, मळमळ, चक्कर एवढंच दिसू शकतं. स्त्रियांमध्ये आणि वृद्धांमध्येही छातीत दुखण्याबरोबर, कधी त्याच्याऐवजी, ही लक्षणं जास्त आढळतात. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक पोटाच्या वरच्या भागात दुखून, उलट्या होऊन येतो आणि अपचन म्हणून घरी ठेवला जातो. आईंना नेहमीचं काम करताना अचानक धाप लागू लागली, तर ती छातीत दुखण्याइतकीच गंभीर धरा. साखरही लगेच मोजा, कमी झालेल्या साखरेनेही घाम येतो.

औषधपेटी
आता गोळ्या. क्रम महत्त्वाचा आहे.
आधी रुग्णवाहिका बोलवा, मग गोळी शोधा. रुग्णाला भिंतीला टेकून, गुडघे वाकवून बसवा. चालवू नका, जिना उतरवू नका, स्वतः गाडी चालवत तर अजिबात जाऊ देऊ नका. पहिल्या तासात ठोके अचानक बिघडून शुद्ध जाऊ शकते. दाराची कडी काढून ठेवा.
मग अ‍ॅस्पिरिन ३०० ते ३२५ मि.ग्रॅ., चावून. ७५ च्या असतील तर चार. नुसती गिळली तर असर उशिरा होतो, आणि आतड्यात विरघळणारं आवरण असलेली गोळी तर आणखी उशिरा. तीच घरात असेल तर ती चावूनच खायला द्या. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातला रक्तस्राव, नुकताच झालेला मेंदूतला रक्तस्राव यांत देऊ नये. आणि दुखणं एका क्षणात, सुरुवातीलाच कमाल तीव्रतेने, फाटल्यासारखं पाठीत गेलं असेल तर ती महाधमनी चिरल्याची खूण असू शकते. तिथे अ‍ॅस्पिरिनने नुकसान होतं. शंका असेल तर गोळी न देता रुग्णवाहिकेच्या फोनवर विचारा.
जिभेखालची नायट्रेटची गोळी डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली असेल तरच. ती रक्तदाब पाडते, म्हणून बसूनच घ्यायची. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल किंवा ४८ तासांत टाडालाफिल (दोन्ही लैंगिक ताठरतेसाठीच्या गोळ्या) घेतलं असेल तर नाही म्हणजे नाही; रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. लाजेपोटी रुग्ण हे सांगत नाही, म्हणून स्पष्ट विचारा. शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी उसनी आणून देऊ नका.
जोरजोरात खोकल्याने अटॅक थांबतो हा फिरता निरोप खोटा आहे. शुद्ध हरपली आणि श्वास नीट चालत नसेल तर छातीच्या मधोमध, ५ ते ६ सें.मी. खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाबत राहा.

फासळी
'हृदय नाही' म्हणजे 'निरुपद्रवी' नाही, एवढी भर घालते. श्वास घेताना टोचणं बहुतेक वेळा बरगडीचं किंवा स्नायूचं असतं, पण सोबत अचानक धाप असेल तर फुप्फुसात गुठळी किंवा फुप्फुसाला छिद्र, दोन्ही शक्य आहे. ऑपरेशन, प्लास्टर किंवा लांबच्या प्रवासानंतर एका पोटरीला सूज, थुंकीत रक्त, ही गुठळीची लक्षणं. उंच, सडपातळ, सिगारेट ओढणाऱ्या तरुणाला एकाच बाजूला अचानक कळ आणि धाप, तर छिद्र. व्हायरल तापानंतर आडवं झालं की वाढणारं आणि पुढे झुकून बसलं की कमी होणारं दुखणं हृदयाच्या आवरणाच्या सुजेचं. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल तर रोज त्वचा बघा, नागिणीचे फोड काही दिवसांनी उठतात.
पॅनिक अटॅकमध्ये बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, साधारण दहा मिनिटांत कळस गाठून मग ओसरतं. पण पहिल्यांदाच आलेल्या झटक्याला पॅनिक हे नाव घरी बसून देऊ नये.

पायरव
सगळ्यांचे आभार. उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. तिथे काय सांगू, आणि कोणत्या तपासण्या होतील?

तातडीकक्ष
जिन्यावरचं दडपण आधी सांगा, टोचणारी कळ नंतर. किती मजले चढल्यावर येतं, किती मिनिटांत जातं, पहिल्यांदा कधी आलं, हल्ली वाढलंय का, हे कागदावर लिहून न्या. वडिलांचं वय सांगा. सिगारेटचा आकडा कमी करून सांगू नका. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल) होईल. रक्तदाबाची गोळी बीटा-ब्लॉकर (ठोके मंद करणाऱ्या) गटातली असेल तर ते आवर्जून सांगा. त्याने ठोके पुरेसे वाढत नाहीत आणि टीएमटी (फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढायची चाचणी) अपुरी ठरते.
टीएमटी नॉर्मल आली तरी लक्षणं इतकी ठळक असताना डॉक्टर बहुधा सीटी अँजिओग्राफीचा (हृदयाच्या धमन्यांच्या स्कॅनचा) विचार करतील, कारण पट्ट्यावरची चाचणी काही अडथळे चुकवते. विश्रांतीतला इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला तर हृदयाचं पंपिंग चांगलं आहे एवढंच कळतं, धमन्यांबद्दल नाही.
आणि टीएमटीच्या दिवशी बसल्या जागी दडपण जाणवत असेल तर पट्ट्यावर चढण्याआधीच तंत्रज्ञाला सांगायचं. त्या अवस्थेत ती चाचणी करायची नसते. आज रात्री तसं झालं तर उद्या सकाळच्या वेळेची वाट बघू नका.