प्रदर्शनासाठी कार्नेटवर आलेलं मशीन नंतर चाकणला ट्रायलसाठी नेता येतं का?

भोसरी_मेट्रोलॉजी:
आमचे जर्मन पुरवठादार एक थ्री-डी मोजमाप यंत्र चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधल्या प्रदर्शनासाठी एटीए कार्नेटवर (ड्यूटी न भरता तात्पुरता माल आणण्याच्या पुस्तकावर) पाठवणार आहेत. भाडं-विमा धरून किंमत 40 लाख. सोबत प्रोबच्या (मोजणाऱ्या सुईच्या) टिप्स आणि माहितीपत्रकं. प्रदर्शन झाल्यावर चाकणच्या एका ग्राहकाला स्वतःचे पार्ट लावून तीन आठवडे ट्रायल हवी आहे. पसंत पडलं तर तो हेच मशीन ठेवून घेईल. कार्नेटची मुदत वर्षभराची आहे, मग चालून जाईल ना? माल अजून निघालेला नाही.

सहार_क्लिअरन्स:
माल निघालेला नाही हे फार बरं झालं, कारण हा निर्णय आत्ताच घ्यायचा असतो.

वर्षाची मुदत कार्नेटच्या पुस्तकाची. भारतात कस्टम्सच्या 157/90 या अधिसूचनेखाली माल आयातीपासून सहा महिन्यांत परत जायला हवा. ही ड्यूटीची सूट कार्यक्रमाला बांधलेली आहे: प्रदर्शन भारत सरकार किंवा आयटीपीओने (सरकारच्या व्यापार प्रोत्साहन संस्थेने) पुरस्कृत वा मंजूर केलेलं असावं लागतं. आयोजकांकडून ते मंजुरीपत्र आधी मागून घ्या, नाहीतर माल सहारला (मुंबई विमानतळाच्या कार्गोत) अडकून रोजचं डेमरेज (माल पडून राहण्याचं भाडं) चढतं. चाकणच्या कारखान्यात ग्राहकाचे पार्ट मोजणं या सूटीत बसत नाही.

तरीही फक्त प्रदर्शनापुरतं आणायचं ठरलं तर कार्नेटच्या पुस्तकातल्या पांढऱ्या आयात-पानाकडे लक्ष द्या. अधिकारी व्हाउचर फाडून घेतो, काउंटरफॉइल (स्थळप्रत) पुस्तकातच राहतं. त्यावर यादीतले कोणते अनुक्रमांक आत आले आणि परत नेण्याची शेवटची तारीख कोणती, हे लिहिलेलं असतं. पाळायची ती हीच तारीख. खिडकी सोडण्याआधी अनुक्रमांक, तारीख, सही, शिक्का चारही तपासा. यादीतला 9 नंबरचा कंट्रोलर लिहायचा राहिला, तर कागदोपत्री तो आलेलाच नाही आणि परत पाठवताना अडणार.

कार्नेट निघाल्यावर यादीत नवीन वस्तू घालता येत नाही. माहितीपत्रकं आणि झिजून संपणाऱ्या टिप्स त्यात नकोत. जे परत जाणार नाही ते वेगळ्या इन्व्हॉइसवर.

ड्रॉबॅक_डेस्क:
विक्रीची शक्यता असेल तर माझ्या मते कार्नेट नकोच. तुमच्या आयईसीवर (आयात-निर्यात कोडवर) साधी बिल ऑफ एन्ट्री (आयातीचं कस्टम्स घोषणापत्र) भरा, ड्यूटी भरा, आणि मशीन परत गेलं तर कस्टम्स कायद्याच्या कलम 74 खाली ड्रॉबॅक (भरलेल्या ड्यूटीचा परतावा) घ्या.

बेसिक ड्यूटी 7.5 टक्के धरली तर 40 लाखांवर 3,00,000, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार 30,000, आणि 43,30,000 वर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) 7,79,400. एकूण 11,09,400. आकडा मोठा दिसतो, पण आयजीएसटीचं इनपुट क्रेडिट (तुमच्या जीएसटीतून वजावट) तुम्हाला मिळतं. ते घेतलंत की ड्रॉबॅक उरलेल्या 3,30,000 वरच मागायचा. वापरलेल्या मालाला तीन महिन्यांपर्यंत 95 टक्के, सहापर्यंत 85, नऊपर्यंत 75, बारापर्यंत 70 टक्के, आणि अठरा महिन्यांनंतर काहीच नाही. तीन महिन्यांच्या आत परत पाठवलंत तर ड्यूटीपोटी फक्त 16,500 जातात.

मुदत मोजतात ती बिल ऑफ एन्ट्री क्लिअर झाल्यापासून निर्यातीसाठी मशीन कस्टम्सच्या ताब्यात जाईपर्यंत. ट्रायल लांबली की टप्पा बदलतो. 98 टक्क्यांचा दर ऐकला असेल, तो न वापरलेल्या मालाचा.

भोसरी_मेट्रोलॉजी:
म्हणजे ड्यूटी भरलेलं मशीन प्रदर्शनातही ठेवता येईल? आणि परत पाठवताना काय सांभाळायचं?

ड्रॉबॅक_डेस्क:
हो, ड्यूटी भरल्यावर स्टॉलवर ठेवा नाहीतर चाकणला न्या, आडकाठी नाही.

ड्रॉबॅक बुडतो तो बहुतेकदा ओळख न पटल्यामुळे. हेच मशीन आलं होतं हे कस्टम्सला पटायला हवं. म्हणून मशीन, कंट्रोलर आणि प्रोब हेड यांचे सीरियल नंबर इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमध्ये छापून घ्या आणि आयातीच्या वेळीच सीएचएला (कस्टम्स एजंटला) सांगून तपासणीत नोंदवून घ्या. इन्व्हॉइसवर नुसतं "मेजरिंग मशीन, 1 नग" असेल तर नंतर सिद्ध करत बसावं लागतं. ट्रायलमध्ये एखादा भाग बदलला तर जुना जपून ठेवा. परत जाताना शिपिंग बिल (निर्यातीचं घोषणापत्र) कलम 74 खालचंच हवं. निर्यातीची परवानगी मिळाल्यापासून तीन महिन्यांत दावा दाखल करा.

"विनामूल्य" म्हणून किंमत एक युरो दाखवू नका. मूल्यांकनात अडकाल. शिवाय मशीन विकलं गेलं तर जर्मनीला पैसे पाठवताना बँक हीच बिल ऑफ एन्ट्री मागणार.

क्रेट_पॅकर_पिंपरी:
लाकडी खोक्यावर आयएसपीएम-15 चा (लाकडातली कीड मारल्याचा) शिक्का असावा: लाकडाच्या गाभ्यात 56 अंश सेल्सिअस तापमान 30 मिनिटं दिल्याची ती खूण आहे. परत त्याच खोक्यात पाठवायचं असेल तर झाकण स्क्रूचं मागवा. खिळ्यांचं झाकण उघडताना फुटतं आणि बदललेल्या फळ्यांवर शिक्का नसतो.

सहार_क्लिअरन्स:
जर्मन मंडळींना एवढंही कळवा: कार्नेटवरचं मशीन मुदतीत परत गेलं नाही, तर भारतात हमीदार असलेल्या फिक्की या उद्योग संघटनेकडे दावा जातो, तिथून कार्नेट देणाऱ्या जर्मन चेंबरकडे, आणि शेवटी वसुली पुरवठादारांकडूनच. ड्यूटी अधिक 10 टक्क्यांपर्यंत. कार्नेटच्या पुस्तकाची मुदत संपल्यानंतर वर्षभर असा दावा येऊ शकतो.